तिसऱ्या गोळ्यानंतर

मावशीचे कान गल्लीत प्रसिद्ध होते. जिन्यावर पाऊल वाजलं की शिवणयंत्र न थांबवता ती सांगायची, "दूधवाला आला. आज डावा बूट चावतोय त्याला." आणि दूधवाला खरंच लंगडत वर यायचा. समोरच्या घरातला शिक्षक म्हणायचा, "मावशी, तुमच्या दारावरून जाताना मनातसुद्धा हळू बोलावं लागतं."

"मनातलं नाही रे ऐकू येत," मावशी म्हणायची. "पोटातलं येतं. घरी जा, जेवून घे आधी."

तिची आणखी एक खोड होती. मोठा आवाज झाला की ती तोंड उघडायची. रस्त्यात टायर फुटलं, पत्रा कोसळला, की तिचा जबडा खाली. आवाजाआधी उघडायची की नंतर, यावर गल्लीत दोन तट होते. आधी म्हणणारे जास्त होते. ते तिच्याजवळ फार वेळ बसत नसत.

ही खोड आजोबांकडून आलेली. आजोबा पहिल्या मोठ्या युद्धात तोफखान्यात घोडे हाकायचे. तोफ उडताना तोंड मिटलेलं असेल तर कानाचे पडदे फाटतात, हे ते शिकले, पण जरा उशिरा. एका कानानं ठार बहिरे होऊन घरी आले. मग नातवंडांना शिस्त लावली. आभाळ गडगडलं की ओरडायचे, "तोंडं उघडा रे!" घरातली सगळी पोरं आ वासून उभी राहायची. मावशी त्यांतली सगळ्यांत धाकटी.

आजोबा सांगायचे, युद्धाच्या सुरुवातीला आमची तोफ उघड्या माळावर उभी असायची. समोरची माणसं दिसायची. टोपीचा रंग दिसायचा. दोरी ओढणाऱ्याचा हात थरथरायचा. थोड्याच महिन्यांत तोफा टेकड्यांच्या आड गेल्या. आता समोर नुसता गवताचा उतार. लांब उंचावर बसलेला कोणीतरी टेलिफोनवरून आकडे सांगायचा आणि त्या आकड्यांवर नळी वरखाली व्हायची.

"नकाशा आला," आजोबा म्हणायचे, "आणि हात थरथरायचा थांबला."

एवढं सांगून ते स्वतःच्या हाताकडे बघत. तो तेव्हा म्हातारपणानं थरथरत असे. त्याचं त्यांना बरं वाटत असावं.

मावशीचे वडील दुसऱ्या युद्धात गेले. घोडे जाऊन ट्रक आले होते. वडिलांच्या पाठीवर वायरलेस होता. ते एक आकडा बोलले की चार दिशांना उभ्या असलेल्या तोफांचे गोळे एकाच शेतात एकदम येऊन पडायचे. "शेत उकळायचं," इतकंच ते म्हणायचे. घरात ते अतिशय हळू बोलत. मीठ मागायचं तरी आधी इकडेतिकडे बघून घेत. आई चिडायची, "मीठच मागताय ना? मग बोला की मोकळेपणानं." ते मान हलवायचे. मीठ न घेताच जेवायचे.

तर या घरात दोन पिढ्या तोफेच्या मागे उभ्या राहिल्या. तोफेच्या पुढे पहिली आली ती मावशी.

ती तिशीत असताना शहराला वेढा पडला. वेढा घालणारे कोणी परके नव्हते. टेकडीपलीकडचेच लोक, तीच भाषा, तीच शिवीगाळ. कारणं तेव्हा सगळ्यांना पाठ होती. आता विचारलं तर कोणालाच नीट सांगता येत नाहीत.

तोफा टेकडीमागे होत्या. गल्लीनं एकही तोफ कधी पाहिली नाही. पण माणूस ज्याच्यासोबत राहतो त्याला नाव देतोच. एक होती कापडफाडी. तिचा गोळा डोक्यावरून जाताना लांबच लांब कापड टरकावल्यासारखा आवाज यायचा. मावशीनं तेव्हापासून हातानं कापड फाडणं सोडलं. कितीही लांब तागा असो, कात्रीनं कापायची. दुसरी मुकी. ती उखळी तोफ, तिचा आवाज आधी यायचाच नाही. ती आली की आलेलीच असायची.

आणि तिसरी दमेकरी.

बाकीच्या तोफा पुलाच्या आणि स्टेशनच्या मागे लागलेल्या. चौक दमेकरीचा. ती तीन गोळे टाकायची आणि दम खायची. चांगला मोठा दम. मग पुन्हा तीन. सलग चौथा कधी नाही. का ते कोणालाच माहीत नव्हतं. पण चौकाच्या पलीकडे पाण्याचा हातपंप होता आणि नळ केव्हाच कोरडे पडले होते. दमेकरीच्या एका दमात धावत जाऊन बादली भरून परत येता यायचं. सगळी गल्ली त्या दमावर पाणी पीत होती.

मावशी जिन्याच्या मधल्या खिडकीत उभी राहायची. गोंगाटात दमेकरीचा आवाज तिला एकटीला नेमका वेगळा काढता येई. मोजायचं काम म्हणून तिचं. तिसरा पडला की ती ओरडायची, "जा!" आणि दारांतून बादल्या बाहेर पडायच्या. पळता पळता लोक थट्टाही करायचे. "तिला औषध देऊ नका रे कोणी! दमा बरा नको व्हायला!" हसण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून सगळे फार हसायचे.

मावशीचा मोठा भाऊ, दादा, दोन बादल्या घेऊन जायचा. एक आपली, एक कोणाची तरी. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, बायको बघतेय हे त्याला ठाऊक असायचं. ज्या दिवशी गिरणीची चिमणी पडली, त्या दिवशी दुपारी तो असाच दारात उभा होता. शीळ घालत. तिसरा पडला. मावशी म्हणाली, "जा." तो गेला.

चौथा लगेच आला. दमेकरीचाच होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी मावशीसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "वन्सं, दोनच झाले होते."

हे वाक्य ती पुन्हा कधी बोलली नाही. दोघी त्याच घरात राहिल्या, एकाच चुलीवर. बाकी सगळ्यावरून भांडल्या. खिडकी उघडी की बंद, दिवा कोणी विझवायचा, गिऱ्हाइकाला कोण उद्धट बोललं. त्या एका वाक्याच्या आसपास मात्र दोघी फिरकत नसत. वेढा उठला, नळाला पाणी आलं. वहिनी त्यानंतर कधी पंपाकडे गेली नाही. आणि मावशी बटणं मोजायची. एक, दोन, तीन. पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं कंटाळायची. "मावशी, सहाच आहेत की ती."

"बघू दे," मावशी म्हणायची.

तिचे केस पांढरे झाले तरी तिला एवढंच हवं होतं. त्या दुपारी आपण तीन ऐकले होते की दोन, हे कोणीतरी सांगावं. सांगू शकेल असं जगात कोणी नव्हतं.

मग जिना कुजला.

वहिनीचा पाय एका फळीतून आरपार गेला तेव्हा सुताराला बोलावणं झालं. तो रोज उद्या येतो म्हणायचा. वहिनी म्हणाली, "हा यायच्या आत आपण दोघी उडायला शिकू." शेवटी एका सकाळी तो आला. साठीचा, रुंद पंजांचा, कानामागे पेन्सिल. टेकडीपलीकडचा होता. पूल पुन्हा सुरू झाल्यावर तिकडचे बरेच जण इकडे कामाला आले होते. कोण काय करत होतं ते विचारायचं नाही, अशी पद्धत पडली होती. गल्लीतली शांतता या पद्धतीवरच उभी होती.

"मावशी, फळ्या सगळ्याच गेल्यात," तो म्हणाला. साठीचा माणूस, पण तोही मावशीच म्हणायचा. "वरून ठीक दिसतात. आतून भुसा."

"आमच्यासारख्याच," वहिनी आतून म्हणाली.

तो हसला आणि कामाला लागला.

मावशी एका शर्टाची कॉलर शिवत होती. खालून हातोडी वाजली. ठक. ठक. ठक. मग काहीच नाही. मग तळहातानं लाकडावर दोन थापा, मऊ. मग पुन्हा ठक, ठक, ठक.

मावशीचा पाय शिवणयंत्रावर थांबला. कॉलरवर सुई अर्धी आत होती.

स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आली. तिच्या हातात रिकामी बादली होती. ती सरळ दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि थबकली.

"मी कशाला उठले?"

"मला काय विचारतेस?" मावशी म्हणाली. "घरात नळ आहे."

"ते मला माहीत आहे!"

खाली पुन्हा तीन घाव पडले. पुन्हा शांत झालं. त्या शांततेत वहिनीचं पाऊल आपोआप उंबऱ्याबाहेर पडलं. तिनं घाबरून ते मागे घेतलं. जणू पाय दुसऱ्या कोणाचा होता.

मावशी खिडकीशी गेली. समोरच्या पायरीवर ऊन खात बसलेली म्हातारी उठून आत निघाली होती. शिक्षकानं खिडकीची झडप ओढून घेतली. गल्लीच्या टोकाला भाजीवाली टोपली डोक्यावर घेता घेता भिंतीला चिकटून उभी राहिली. तिघांनाही विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं. गल्ली रिकामी झाली. भर सकाळी. हातोडी तेवढी वाजत राहिली.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "तोंड मिटा."

मावशीचं तोंड उघडं होतं. कधीपासून, तिला माहीत नव्हतं.

ती जिना उतरून मधल्या खिडकीपर्यंत आली. सुतार दोन पायऱ्या खाली वाकून बसला होता. नव्या लाकडाचा वास पसरला होता.

"सुतार," ती म्हणाली, "तीन घाव झाले की थांबता कशाला? आणि ती थाप कसली?"

त्यानं वर बघितलं आणि ओशाळून हसला. "बायकोही हेच विचारते. म्हणते, लाकडाला थोपटून झोपवताय काय. जुनी खोड आहे हो."

"कुठे लागली?"

"जुन्या नोकरीत."

"सुताराला कसली आली जुनी नोकरी?"

तो पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवू लागला. विचारायचं नाही ही पद्धत त्यालाही माहीत होती. मावशीनंच ती मोडली.

"माझे आजोबा तोफखान्यात होते," ती म्हणाली. "वडीलही."

हे खरं होतं. सुताराचा चेहरा एकदम सैलावला. पायरीवर नीट बसत तो म्हणाला, "मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्हाला कळेल. मी तोफेवर होतो, मावशी. आमची तोफ म्हणजे माझ्या बापाहून म्हातारी. तिला मागे दार असतं ना, गोळा आत घालायचं? ते दार अडकायचं. तीन गोळे नीट जायचे. तोवर ती तापायची, दार फुगायचं आणि हटून बसायचं. मग बादलीभर पाणी ओता, वरून ओलं पोतं टाका आणि बसा तिचा ताप उतरायची वाट बघत. साहेब लांबून शिव्या घालायचा. आम्ही विड्या ओढायचो. निवली की मी हाताला फडकं गुंडाळून दोन थापा द्यायचो. असं. की उघडायची. पुन्हा तीन."

"एक बादली पाणी," मावशी म्हणाली.

"एक पुरायची."

टेकडीपलीकडे एक बादली ओतली जात होती, तेव्हा अलीकडे एक भरली जात होती. इतके दिवस. एकाच दमात.

"कायम अशीच?" तिनं विचारलं. आवाज तिच्या वडिलांसारखा हळू झाला होता.

"कायम कशाला! मी दुरुस्त केली ना." तो पुढे सरकला. चेहऱ्यावर तेज आलं. "माझा बापही सुतार. अडकणारं दार मला बघवत नाही हो, जीव कासावीस होतो. सुटा भाग मागवला होता, तो काही येईना. शेवटी एका सकाळी कानस घेतली आणि बसलो. कडेला केसाएवढं कुसळ होतं, एवढंसं. तेच नडत होतं. घासून काढलं, तेल दिलं. आणि त्या दिवशी काय चालली! तीन गेले, सगळ्यांनी सवयीनं बादली उचलली. मी म्हटलं, ठेवा खाली. चौथा घाला. गेला की! लोण्यातून गेल्यासारखा. पोरांनी मला खांद्यावर घेतलं."

"कोणता दिवस तो?"

"आता तारीख कुठली आठवायला... हां. तुमच्या त्या गिरणीची चिमणी पडली ना, तो दिवस. टेकडीवरच्या माणसानं फोनवर सांगितलं, चिमणी पडली. आमच्यातले नाचायला लागले, आपणच पाडली म्हणून. कसली आपण! आपले आकडे वेगळे होते."

"कसले आकडे?"

"आकडे हो. फोनवर यायचे. आकड्याच्या पलीकडे काय असतं ते थोडंच कळतं? झाड असेल, रस्ता असेल. आम्हाला नुसता आकडा."

वरच्या पायरीवरून आवाज आला. "त्या आधी तीन झाले होते? नक्की?"

वहिनी होती. बादली अजून हातातच. ती कधी येऊन उभी राहिली ते मावशीलाही ऐकू आलं नव्हतं. मावशीला ऐकू आली नाहीत अशी ती पहिलीच पावलं.

"नक्की म्हणजे?" सुतार म्हणाला. "तीन झाल्यावर चौथा गेला, त्याचाच तर आनंद होता, वहिनी."

मावशीच्या छातीत इतकी वर्षं कोणीतरी मोजत बसलं होतं. ते थांबलं. हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची तिला किळस आली. कारण ज्यानं तिला सोडवलं त्याचाच तळहात तिच्यासमोर होता. रुंद, भुशानं माखलेला. मधोमध जुन्या चटक्याची गुळगुळीत जागा.

वहिनी तिच्याकडे बघत होती. वहिनीचे ओठ हलले. तीन, असे हलले असावेत. आवाज आला नाही.

सुतार एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. "का हो?" तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात येऊ लागलं. "तुम्ही... तेव्हा कुठे होतात?"

"इथेच," वहिनी म्हणाली.

तो उठला आणि मधल्या खिडकीतून बाहेर बघितलं. खाली चौक. पलीकडे पंप. त्याच्यामागे घरांची छपरं, आणि त्यांच्यावर टेकडी. ती टेकडी त्यानं या बाजूनं खूपदा पाहिली असेल, कामावर येता-जाता. पण आता तो ती मोजत होता. सुताराचे डोळे होते, त्यांना अंतर लगेच कळतं. टेकडीवरून त्याची नजर छपरांवर आली, छपरांवरून चौकात, आणि पंपापाशी थांबली. तिथून ती हलेना.

"पंपावर कोण जायचं?" त्यानं विचारलं.

"ज्याला पाणी हवं तो," वहिनी म्हणाली.

त्यानं खिडकीची चौकट धरली. खाली कुठेतरी दार वाजलं आणि तिघांचीही तोंडं एकाच वेळी उघडली. तिघांनीही ते पाहिलं.

चौकट सोडत तो म्हणाला, "एक पायरी राहिलीय." मीठ मागावं इतक्या हळू. "जाऊ का मी? दुसऱ्या कोणाला पाठवतो."

मावशीला हो म्हणायचं होतं. तिनं वहिनीकडे बघितलं. दादा वहिनीचा होता.

"बसवा," वहिनी म्हणाली. "अर्धवट जिना घेऊन आम्ही काय करू?"

तो खाली गेला. फळी लावली, खिळा धरला. मावशी मधल्या खिडकीत उभी राहिली, अगदी तेव्हासारखी. खांदा भिंतीला, गाल गजाजवळ. वहिनी दारात आली. बादली उजव्या हातात.

पहिला घाव पडला.

दुसरा पडला.

तिसरा.

हातोडी वर गेली आणि वरच राहिली.

"जा," मावशी म्हणाली.

वहिनी गेली. धावली नाही. तिच्या वयाला धावणं शक्यही नव्हतं. तिच्या चपलांचा आवाज गल्लीत उतरला, चौकात गेला, लहान होत गेला. समोरच्या झडपांमागे माणसं उभी होती. त्यांचे श्वास मावशीला ऐकू येत होते. पंपाचा दांडा कोरडाच किंचाळला. पुन्हा. पुन्हा. मग खोलवरून पाणी चढल्याचा गडगड आवाज आला आणि बादलीच्या तळावर धार पडली.

जिन्यात खाली सुतार वाकून तसाच होता. हात हवेत. चेहरा पायरीकडे. हातोडीचं वजन त्याच्या दंडात उतरलं होतं. हात थरथरायला लागला. त्यानं तो खाली आणला नाही.

बादली भरायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला. मग चपला परत निघाल्या. आता जड. पाणी हिंदकळून दगडांवर पडत होतं, प्रत्येक पावलाला थोडं थोडं. दगडावरून लाकडावर. पहिली नवी पायरी. दुसरी. वहिनी सुताराच्या शेजारून वर आली, उंबरा ओलांडला आणि बादली खाली टेकवली.

"आले," ती म्हणाली.

मग चौथा घाव पडला.